धान्याच्या कोठारातली पहिली अक्षरे

मागील अंकात मेसोपोटेमियातील प्राचीन नगरांवर लेख प्रसिद्ध झाला, तेव्हापासून आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : माणूस लिहू कधी लागला आणि का? त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. काही प्रश्न लांबलचक होते, ते थोडे आवरते घेतले आहेत. उत्तरे मात्र आवरता आली नाहीत.

प्रश्न : माणसाने लिहायला सुरुवात केली ती देवाच्या स्तुतीसाठी, असे मी नातवाला सांगत होतो. नातू म्हणाला, सर्वांत जुने लेखन धान्याच्या हिशेबाचे आहे. आमच्यात बरोबर कोण? (निवृत्त हिशेबनीस, कराड)

उत्तर : बाजी नातवाची आहे, मात्र आपला व्यवसाय पाहता या पराभवाचा आपल्याला आनंदच व्हायला हवा. आज हाती असलेल्या पुराव्यांत लेखनाचा सर्वांत जुना मोठा साठा मिळतो तो दक्षिण इराकमधील उरुक या नगरात, आजच्या वर्का येथे. इ.स.पू. ३३०० ते ३००० या काळात हे नगर सुमारे अडीचशे हेक्टरांवर पसरले होते. त्याच्या मध्यभागी एआन्ना नावाचा देवळांचा परिसर होता आणि तेथे जर्मन उत्खननकर्त्यांना मातीच्या पाट्या व त्यांचे तुकडे मिळून सुमारे पाच हजार नग मिळाले. हे नग कुठल्या दप्तरखान्यात नीट रचून ठेवलेले नव्हते. नव्या इमारतींसाठी जमीन सपाट करताना जो भराव टाकला गेला, त्या भरावात हे सारे पडलेले होते. हिशेब पुरा झाला, पाटीचे काम संपले, पाटी टाकून दिली, इतका साधा हा मामला होता आणि आपला सारा प्राचीन इतिहास अशा रद्दीवर उभा आहे.

यातील एखादी पाटी डोळ्यांसमोर आणा. तळहातात मावेल एवढी, उशीसारखी किंचित फुगीर, मऊ चिकणमातीची. टोकदार काडीने तिच्यावर रेघा ओढून चौकटी पाडलेल्या असतात आणि एका चौकटीत एक नोंद असते : आधी आकडे, मग वस्तूचे चिन्ह, मग कोणाच्या तरी नावाचे किंवा खात्याचे चिन्ह. मेंढीसाठी वर्तुळात फुली, जवासाठी कणीस, मद्यासाठी रांजण. पाटी उलटली की मागच्या बाजूला सगळ्या चौकटींची बेरीज. आपण आयुष्यभर जी खतावणी लिहिलीत, तिचाच हा मूळपुरुष. या नोंदींत क्रियापद जवळजवळ नसते, विभक्तीचे प्रत्यय नसतात, पूर्ण वाक्य तर नसतेच. कोणाकडून, काय, किती, एवढेच. ज्याला व्यवहार ठाऊक आहे त्याला तेवढे पुरत असे.

आकड्यांची गंमत येथेच सांगून टाकतो, कारण ती हिशेबनिसालाच खरी कळेल. आकडे गोल टोकाच्या दांडीने मातीत दाबून उमटवत. दांडी तिरकी दाबली की नखाच्या आकाराचा लहान ठसा, सरळ दाबली की गोल ठसा. मेंढ्या मोजताना गोल ठशाची किंमत लहान ठशाच्या दहापट. जव मोजताना तोच गोल ठसा लहान ठशाच्या केवळ सहापट. काय मोजले जात आहे हे कळल्याशिवाय आकडा किती हेच कळत नसे. आजच्या विद्यार्थ्याला हे विचित्र वाटेल, पण ज्यांनी चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी तोंडपाठ केली आणि त्याच वेळी केळी डझनावर, कागद चोवीसच्या दस्त्यावर आणि भांडी कोडीवर मोजली, त्यांना यात नवल वाटू नये. संख्या ही वस्तूपासून वेगळी काढून केवळ संख्या म्हणून विचारात घेणे, ही नंतरची मजल आहे.

या पाट्यांपैकी एकीवर २९,०८६ मापे जव, ३७ महिने अशी नोंद असून तिच्याखाली दोन चिन्हे आहेत, ती 'कुशिम' अशी वाचली जातात. हे माणसाचे नाव असू शकते, किंवा एखाद्या हुद्द्याचे अथवा कोठाराचेही. माणसाचे असेल, तर ज्या मोजक्या माणसांची नावे सर्वांत आधी लिहिली गेली त्यांत राजा, ऋषी किंवा कवी यांच्याऐवजी एक कोठावळा येतो. स्तोत्रे, उपदेशपर वचने वगैरे पाट्यांवर चांगल्या संख्येने दिसू लागतात ती इ.स.पू. २६०० च्या आसपास, शुरुप्पक आणि अबू सलाबीख या ठिकाणी. म्हणजे हिशेब सुरू झाल्यावर पहिल्या स्तोत्रांना सहाशे वर्षे वाट पाहावी लागली.

तरीही आपले म्हणणे अगदीच वाया जात नाही. ज्या कोठाराचा हा हिशेब होता, ते कोठार देवळाचे होते. देवाच्या नावाने जमीन, देवाच्या नावाने गुरे आणि देवाच्या नावाने शिधा. मंत्र पुजाऱ्याच्या तोंडात सुरक्षित होता, जव मात्र लक्षात ठेवता येण्याच्या पलीकडे गेला होता. नातवाला हेही सांगावे.

प्रश्न : लेखनाच्या आधी मातीच्या गोट्या वापरून हिशेब ठेवत, असे ऐकले. हे कितपत खरे आहे? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : पश्चिम आशियात शेती सुरू झाल्यापासून, म्हणजे इ.स.पू. ८००० च्या सुमारापासून, वसाहतींत मातीचे लहान लहान शंकू, गोळे, चकत्या सापडतात. डेनिझ श्मांट-बेसेरा या विदुषीने अनेक संग्रहालयांतून फिरून असे हजारो नग तपासले आणि मांडले की ही मोजणीची साधने होत : एक आकार म्हणजे धान्याचे एक माप, दुसरा आकार म्हणजे एक जनावर. पुढे, इ.स.पू. चौथ्या सहस्रकात, हे नग मातीच्या पोकळ गोळ्यात बंद करून वर शिक्का उमटवण्याची पद्धत आली. मालाबरोबर असा गोळा पाठवला की वाटेत कोणी मेंढी लांबवली तर गोळा फोडताच चोरी उघडकीस येई.

अडचण एवढीच की आत किती नग आहेत हे पाहण्यासाठी गोळा फोडावा लागे आणि फोडला की पुरावा गेला. तेव्हा काही गोळ्यांवर आतल्या नगांइतके ठसे बाहेरच्या ओल्या मातीवर उमटवलेले दिसतात. एकदा बाहेर ठसे आले की आतल्या नगांची गरज उरत नाही आणि गोळा पोकळ ठेवण्याचीही गरज उरत नाही; तो चपटा केला की पाटी झाली.

ही मांडणी मला पटते ती आकड्यांपुरती. ठशांचे आकडे गोट्यांतून आले, याला गोळ्यांचा आणि केवळ आकडे असलेल्या पाट्यांचा चांगला आधार आहे. परंतु पाट्यांवरचे प्रत्येक चिन्ह कुठल्यातरी गोटीचीच प्रतिमा आहे, असे म्हणू लागलो की पुरावा विरळ होत जातो, कारण उरुकच्या शेकडो चिन्हांपैकी फार थोड्यांना गोटीचे जोड सापडतात. बाकीची चिन्हे भांड्यांवरील नक्षीतून, शिक्क्यांवरील चित्रांतून किंवा थेट लिहिणाऱ्याच्या डोक्यातून आली असावीत.

प्रश्न : चित्रापासून अक्षर कसे झाले? मेंढीचे चित्र काढता येते, पण "दिले", "जगला", "उद्या" यांचे चित्र कसे काढणार? (प्राथमिक शिक्षिका, पणजी)

उत्तर : काही गोष्टी दोन चित्रे जोडून साधल्या. माणसाचे डोके काढून तोंडापाशी वाडगा काढला की झाले "खाणे" किंवा "शिधा". हा वाडगा कल्पनेतला नाही. उरुकच्या काळातील वसाहतींत तिरप्या काठाचे, ओबडधोबड, साच्यात दाबून केलेले मातीचे वाडगे हजारोंच्या संख्येने सापडतात, आणि चिन्हातला वाडगा हुबेहूब तोच आहे. मजुराच्या हातातले भांडे त्या लिपीत जाऊन बसले. पण ही युक्ती लवकरच अपुरी पडते, आणि खरी उडी वेगळ्याच वाटेने घेतली गेली.

मराठीतच पाहू. "तीर" म्हणजे बाण आणि "तीर" म्हणजे नदीचा काठ. काठाचे चित्र काढणे कठीण, काढले तरी कोणी त्याला वाट समजेल, कोणी बांध. पण बाण काढून मी म्हटले की याचा उच्चार तेवढा घ्या आणि वस्तू विसरा, तर बाणाच्या चित्राने मला काठ लिहिता येतो. उरुकच्या मुलखाला, म्हणजे दक्षिण मेसोपोटेमियाला, सुमेर म्हणतात. तेथील सुमेरी भाषेत बाणाला "ती" म्हणत आणि जीवनासाठी असलेल्या शब्दाचा उच्चारही तसाच होता. जीवनाचे चित्र काढता येत नाही, बाणाचे येते. बाण काढला आणि जीवन वाचले. ज्या क्षणी चिन्ह वस्तूकडे बोट दाखवण्याऐवजी ध्वनीकडे बोट दाखवू लागते, त्या क्षणी बोललेले काहीही लिहिण्याची सोय होते : नावे, प्रत्यय, क्रियापदे, आणि अर्थात "उद्या"सुद्धा. अशा कोट्या आपल्या वर्गातली मुले रोज करतात. सुमेरी कारकुनांनी त्या कामाला लावल्या, तेही एकदम नाही, कित्येक पिढ्यांत.

चित्राचे चित्रपण गेले ते मात्र हाताच्या सोयीसाठी. ओल्या मातीवर वळणदार रेघ ओढली की कडेला माती उचलली जाते आणि रेघ फाटते. ओढण्यापेक्षा टेकवणे सोपे. बोरूचे कोनेदार टोक मातीत दाबून उचलले की एका बाजूला रुंद डोके आणि पुढे निमुळती शेपूट असलेला खिळा उमटतो, म्हणून या लिपीला कीलाक्षरी म्हणतात. वर्गात करून पाहायचे असेल तर घट्ट मळलेल्या कणकेवर लाकडी फूटपट्टीचा कोपरा तिरका टेकवावा. दोन मिनिटांत मुले उभे, आडवे आणि तिरके खिळे उमटवू लागतात आणि मग मेंढीचे चित्र आपण का सोडले, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

ध्वनी लिहिता येऊ लागल्यावर ही लिपी सुमेरी भाषेपुरती राहिली नाही. अक्कडी ही सर्वस्वी निराळ्या कुळातली भाषा तिच्यात लिहिली गेली, पुढे एलामी, हित्ती, हुरीही.

प्रश्न : मग इजिप्त, चीन यांनी लेखन सुमेरकडून घेतले का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : चीनने आणि मध्य अमेरिकेने नक्कीच घेतले नाही. आन्यांग येथील कौल लावण्याच्या हाडांवरील व कासवाच्या कवचांवरील लेख इ.स.पू. १२५० च्या सुमाराचे आहेत आणि त्यांचा सुमेरशी काही संबंध दिसत नाही. माया आणि त्यांच्या पूर्वीच्या लोकांचा तर संबंध येण्याचा प्रश्नच नव्हता. इजिप्तविषयी वाद आहे. तेथील अबायडोसच्या एका राजाच्या थडग्यात हाडांच्या आणि हस्तिदंताच्या लहान चिठ्ठ्या मिळाल्या असून त्या उरुकच्या पाट्यांच्या जवळपासच्याच काळातील आहेत. प्रत्येकीला दोरा ओवण्यासाठी भोक आहे. मालाच्या गाठोड्यांना त्या बांधलेल्या असाव्यात. म्हणजे तिथेही आरंभी हिशेबाचाच वास येतो.

प्रश्न : इतक्या जुन्या काळी मुलांना लिहायला कसे शिकवत असतील? (इयत्ता नववीतील विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर : तुझ्या पणजोबांना जसे शिकवले, बरेचसे तसेच. सुमेरी शाळेला "एदुब्बा" म्हणत, आणि तिचा अर्थ साधारणपणे पाट्यांचे घर असा लावतात. निप्पुर येथे इ.स.पू. अठराव्या शतकातले असे एक घर खणून काढले आहे. घर म्हणजे खरोखर घरच, चार खोल्यांचे. त्यात पाट्यांचे सुमारे १,४०० तुकडे मिळाले आणि वापरलेल्या पाट्या भिजवून पुन्हा माती करण्यासाठी बांधलेली एक कुंडीही मिळाली. आपल्या जुन्या शाळांत धूळपाटीवर अक्षर काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. तेथे माती मळायची, लिहायचे, पुन्हा मळायची.

अगदी आरंभी मूल नुसता खिळा उमटवायला शिके, उभा, आडवा, तिरका. मग अक्षरगट, मग माणसांची नावे, मग शब्दांच्या लांबलचक याद्या : लाकडाच्या वस्तू, वेताच्या वस्तू, प्राणी, दगड. त्यानंतर गुणाकाराचे पाढे, करारपत्रांचे मसुदे आणि म्हणी. काही पाट्या पुरीसारख्या गोल आहेत. त्यांवर वरच्या ओळी वळणदार, सराईत हाताच्या आहेत आणि त्याखाली किंवा मागच्या बाजूला त्याच ओळी डगमगत्या हाताने काढलेल्या आहेत. वरचा गुरुजींचा कित्ता, खालचे गिरवणे. एका रचनेत एक विद्यार्थी आपला दिवस सांगतो : उशीर झाला म्हणून मार, बोलला म्हणून मार, अक्षर चांगले नाही म्हणून मार, शेवटी वडील गुरुजींना घरी बोलावून जेवू घालतात आणि नवे वस्त्र देतात, तेव्हा कुठे गुरुजी प्रसन्न होऊन शिष्याची तोंड भरून स्तुती करतात. ही रचना मुलांना कित्ता म्हणून लिहायला देत असत, यावरून गुरुजींना विनोदाचे वावडे नव्हते असे दिसते.

प्रश्न : मातीच्या पाट्या पाच हजार वर्षे टिकल्या कशा? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : कोकणच्या पावसात त्या टिकल्या नसत्या, हे आपल्या मनात आले असणारच. इराकची कोरडी हवा हे एक कारण. दुसरे कारण आग. बहुतेक पाट्या केवळ उन्हात वाळवलेल्या असत, पण इमारतीला आग लागली की त्या विटेसारख्या भाजून निघत. इ.स.पू. ६१२ मध्ये निनेव्हे नगर शत्रूंनी जाळले, तेव्हा असुरबानिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातल्या लाकडी व मेणाच्या फळ्या नष्ट झाल्या आणि मातीच्या पाट्या राहिल्या. त्या संग्रहाचे तीस हजारांहून अधिक नग व तुकडे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

प्रश्न : "लेखनाशिवाय संस्कृती उभी राहू शकत नाही" हा आमच्या वादविवाद स्पर्धेचा विषय आहे आणि मला विरोधी बाजू मिळाली आहे. मुद्दे सुचवाल का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अमरावती)

उत्तर : बाजू चांगली मिळाली आहे, तक्रार करू नये. पहिला मुद्दा इंकांचा. दक्षिण अमेरिकेत चार हजार किलोमीटरहून लांब पसरलेले त्यांचे राज्य आपण ज्याला लिपी म्हणतो तशा लिपीवाचून चालत होते. त्यांच्याकडे होते "खिपू", म्हणजे एका आडव्या दोरीला लोंबणाऱ्या रंगीत दोऱ्या आणि त्यांवर गाठी. कुठल्या उंचीवर किती गाठी यावरून एकं, दहं, शतं कळे आणि त्यावर करवसुली, गणती, कोठारे सारे चाले. दुसरा मुद्दा आपल्या घरातला. वेद कित्येक शतके केवळ मुखाने चालत आले आणि पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा उलटसुलट पठणाच्या रीतींनी त्यांतला एखादा स्वरही हलू नये अशी व्यवस्था झाली. पाणिनीच्या सूत्रांत "लिपी" शब्द येतो, म्हणजे त्याला लेखन ठाऊक होते. तरीही ग्रंथाची मातब्बरी पाठांतरात होती. तिसरा मुद्दा खुद्द उरुकचा : तेथील मोठी देवळे पाट्यांच्या आधीपासून उभी राहत होती. लेखनाने नगर वसवले नाही, वसलेल्या आणि फुगलेल्या नगराला लेखन लागले.

आता प्रतिस्पर्धी काय म्हणतील तेही सांगतो, कारण माझे स्वतःचे मत काहीसे त्यांच्याकडे झुकते. गावात साक्षीदार पुरतो. ज्याने उसने घेतले, ज्याने दिले आणि ज्याने पाहिले ते तिघेही एकमेकांना ओळखतात. व्यवहार अनोळखी माणसांत, लांबच्या गावी, पुढच्या पिढीत गेला की साक्षीदार कुठून आणणार? मेसोपोटेमियात करार लिहून झाला की त्या पाटीभोवती मातीचाच पातळ लिफाफा चढवत, त्यावर पुन्हा करार थोडक्यात लिहीत आणि साक्षीदारांच्या मुद्रा फिरवत. भांडण निघाले तर लिफाफा फोडून आतला मजकूर पाहता येई. बाहेरच्या आकड्यात कोणी फेरफार केला असला तरी आतला आकडा तसाच. आजच्या तुर्कस्तानातील कानेश येथे अशा व्यापारी दप्तरांतल्या सुमारे २३,००० पाट्या सापडल्या आहेत. असुर नगरातील व्यापारी गाढवांवरून कथील आणि कापड तेथे नेत. मागे राहिलेल्या त्यांच्या बायका कापड विणून घेत, पत्रांतून भाव विचारत आणि पैसे वेळेवर पाठवले नाहीत म्हणून नवऱ्यांना चांगले सुनावत. इ.स.पू. १७५० च्या सुमारास उर येथील एआ-नासिर या तांब्याच्या व्यापाऱ्याला नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने लिहिलेले पत्र तर आता जगप्रसिद्ध आहे : हलका माल दाखवलास, माझ्या माणसाला अपमान करून परत पाठवलेस, यापुढे तुझ्याकडून माल मी स्वतः निवडून घेईन. पत्र एआ-नासिरच्याच घरात मिळाले असावे, म्हणजे त्याने ते जपून ठेवले होते, याचे मला नेहमी हसू येते.

आणि एक गोष्ट दोन्ही बाजूंनी बोलण्याचे टाळले जाते, ती आपण जरूर बोलावी. या आरंभीच्या पाट्यांवर जव आणि मेंढ्यांप्रमाणेच माणसेही मोजलेली आहेत. दासीसाठी जे चिन्ह आहे ते "स्त्री" आणि "डोंगर" ही चिन्हे जोडून केलेले आहे. डोंगराळ परमुलखातून आणलेली बाई, असा त्याचा अर्थ लावतात. कोणाला किती शिधा द्यायचा आणि कोणाकडून किती काम घ्यायचे, हे लिहून ठेवता येऊ लागल्यामुळे ज्याच्या हाती पाटी त्याची पकड वाढली. कायदा दगडावर कोरून बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने दुर्बळाला आधार दिला असे त्या लेखात तो स्वतः म्हणतो, पण तो दगड वाचता येणारे त्याच्या राज्यात फार थोडे होते.

वेळ उरल्यास एनहेदुआन्ना हिचे नाव घ्यावे. अक्कडचा राजा सारगोन याची ही कन्या, उर येथील चंद्रदेवाच्या मंदिराची प्रमुख पुजारीण, इ.स.पू. तेविसाव्या शतकातली. देवतांची स्तोत्रे तिच्या नावावर आहेत, आणि ज्याचे नाव आपल्याला माहीत आहे असा जगातला सर्वांत जुना साहित्यिक म्हणून तिचेच नाव घेतात.

प्रश्न : ही लिपी पुढे वापरातून गेली असताना ती वाचता कशी आली? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : या गोष्टीचा एक धागा आपल्या शहरातून जातो. हेन्री रॉलिन्सन हा सतरा वर्षांचा मुलगा १८२७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईला आला आणि येथे फारसी शिकला. पुढे इराणात नेमणूक झाल्यावर बेहिस्तून येथील उंच कड्यावर दारियस राजाने कोरवलेला लेख त्याने शिड्या आणि दोर लावून उतरवून घेतला. हा लेख जुनी फारसी, एलामी आणि बाबिलोनी अशा तीन भाषांत आहे, आणि तिन्ही कीलाक्षरांत. जुन्या फारसीची काही अक्षरे ग्रोटेफेंड या जर्मन शिक्षकाने १८०२ मध्येच राजांच्या नावांवरून ओळखली होती. रॉलिन्सन आणि आयर्लंडमधील एडवर्ड हिंक्स यांनी ते काम बाबिलोनीपर्यंत नेले. तरी लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने नुकताच मिळालेला एक लेख चार जणांना स्वतंत्रपणे वाचायला दिला आणि त्यांची बंद पाकिटे एकत्र उघडली. चारही वाचने मुख्य मजकुरात जुळली.

प्रश्न : सिंधू लिपी अजून का वाचता येत नाही? दर वर्षी कोणीतरी ती वाचल्याचे वृत्तपत्रात येते. (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : ती वृत्ते मीही कात्रणे काढून ठेवली आहेत आणि गठ्ठा बराच जाड झाला आहे. प्रत्येक वाचन त्या त्या विद्वानाला आधीपासून प्रिय असलेल्या भाषेतच निघते, हे त्यांतले समान सूत्र.

अडचण लेखांच्या आखूडपणाची आहे. मुद्रांवरील लेखांत सरासरी पाच चिन्हे असतात. इरावतम महादेवन यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत ४१७ वेगवेगळी चिन्हे नोंदवली आहेत. एवढ्या चिन्हांची लिपी पाच-पाच चिन्हांच्या तुकड्यांवरून सोडवायची, तीही भाषा ठाऊक नसताना आणि बेहिस्तूनसारखा एकाहून अधिक भाषांतला लेख हाती नसताना. कच्छमधील धोलावीरा येथे नगरद्वाराजवळ दहा मोठ्या चिन्हांची पाटी मिळाली, तीही वाचता येत नाही. आपल्या जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद येथेही उत्तर हडप्पा काळाच्या थरात या लिपीची चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्रा आणि खापरे मिळाली आहेत; दक्षिणेकडे ही चिन्हे जिथवर पोहोचली त्या टोकाच्या ठिकाणांपैकी ते एक आहे.

द्विभाषिक लेख मिळालाच, तर तो इराकात किंवा आखाताच्या किनाऱ्यावर मिळण्याची शक्यता मला अधिक वाटते. सुमेरी आणि अक्कडी लेखांत "मेलुह्हा" नावाच्या देशाची गलबते येतात. सारगोन राजा ती आपल्या अक्कड नगराच्या धक्क्याला लागल्याचे अभिमानाने सांगतो, आणि हा मेलुह्हा म्हणजे सिंधूचा प्रदेश असे बहुतेक अभ्यासक मानतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्याच काळातील एक दंडगोल मुद्रा आहे. तिच्यावर एका आसनस्थ व्यक्तीच्या मांडीवर लहानसा माणूस बसलेला दिसतो आणि समोर दोघे उभे आहेत. कीलाक्षरांत मालकाचे नाव आणि धंदा कोरलेला आहे : शु-इलिशु, मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषी. ती भाषा आणि अक्कडी, दोन्ही तो जाणत होता, आणि मुद्रा मात्र त्याने अक्कडीत कोरवून घेतली.